जहाज हाकत होतं कोण?

पत्र

ताई, प्रश्न ऐकून हसाल. पण गणपती होऊन महिना झाला तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

मी हर्णैजवळच्या एका वाडीतला. आता डोंबिवलीला असतो, वय ३८. १९९८ च्या गणपतीत आमच्या वाडीने वर्गणी काढून दापोलीहून व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणला होता. रात्रभर चार पिक्चर. त्यातला एक 'द लॉस्ट वर्ल्ड', म्हणजे 'ज्युरासिक पार्क'चा दुसरा भाग, हिंदीत डब केलेला. पहिला भाग आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. मी अकरा वर्षांचा होतो. पुढे वर्षभर आम्हा पोरांना दुसरा खेळ सुचला नाही. सुवर्णदुर्गाच्या मागच्या अंगाला डायनासोर असणारच, अशी आमची खात्री होती.

माझे बाबा तांडेल. दर्यावर गेले की चार-चार दिवस दिसायचे नाहीत, घरी असले की झोपलेले असायचे. माझ्या शेजारी बसून त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला पिक्चर हा एकच. शेवटाकडे ते मोठं जहाज सुसाट येऊन धक्क्यावर चढतं, आत सगळे मरून पडलेले, तेव्हा बाबा मोठ्याने म्हणाले, "अरे, माणसं मेली तर जहाज हाकत होता कोण?" अख्खं खळं हसलं. मला त्यांचा असा राग आला होता! २०११ साली बाबा गेले.

यंदा दुसऱ्या दिवशी आरत्या-जेवणं उरकल्यावर मी नवीन टीव्हीवर तोच पिक्चर लावला. बायको, भाऊ-वहिनी, चुलतभाऊ, चौथीतला माझा मुलगा, पुतणे, सगळे बसले. इतकी वर्षं मीच सगळ्यांना त्याचं कौतुक सांगून ठेवलं होतं. ताई, बघवेना हो. जिथे आमचे श्वास अडकले होते तिथे पुतणे हसत होते. ती मुलगी कोलांट्या घेऊन डायनासोरला लाथ मारते तिथे तर बायकोसुद्धा हसली. मुलगा सारखा मधे मधे बोलत होता, हे असं कसं, त्या बाईने ते जॅकेट का नाही काढलं, जहाज कोण चालवत होतं. चुलतभाऊ म्हणाला, "आपण तेव्हा येडेच होतो रे." मी टीव्ही बंद केला आणि मुलावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

विचारायचं ते एवढंच. आम्ही खरंच येडे होतो का? आणि असल्या लहानपणीच्या आवडत्या गोष्टी परत बघूच नयेत का? अजून पाच-सहा नावं माझ्या मनात आहेत, ती लावायची आता भीती वाटते. मुलगा हल्ली माझ्यासमोर टीव्ही लावत नाही, पण ते होईल ठीक.

एक वाचक

उत्तर

"ते होईल ठीक" हे वाक्य मी बाजूला काढून ठेवलं आहे. त्याच्याकडे मागाहून येते.

आधी पिक्चर. हा मी पाहिलेला नव्हता. पहिला पाहिला होता, १९९४ साली हिंदीत आला तेव्हा, शाळेतल्या तिघी सहकाऱ्यांबरोबर रत्नागिरीला जाऊन. परत येताना स्टँडवर चहा घेतला आणि बाजूने गाडी गेल्यावर ग्लासातला चहा हलला, तशा आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. बी.एड. झालेल्या बायका. दुसऱ्या भागाच्या वाटेला मात्र मी गेले नाही. तुमचं पत्र आलं म्हणून आता भाच्याकडून लावून घेतला. गुहागरला पाऊस अजून जायचं नाव घेत नव्हता. कड्यावरून लोंबकळणारी ती गाडी, तिच्या मागच्या काचेवर पालथी पडलेली ती बाई, तिच्या तळहाताखालून एकेक तडा हळूहळू पुढे सरकतो आहे, आणि आमची लाइट गेली. पावणेदहाला गेलेली लाइट सकाळी सहाला आली. रात्रभर ती बाई काचेवर आणि मी अंथरुणावर. तेव्हा या पिक्चरात काही दम नाही, असं निदान मला तरी कोणी सांगू नये.

आता तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ती ओळ: "पहिला भाग आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता." अहो, निम्मं उत्तर इथेच आहे. तुम्ही ज्याच्यावर जीव टाकलात तो दुसरा भाग नव्हताच. तुमच्यासाठी तो पहिला आणि एकुलता एक होता.

दुसऱ्या भागाची गत दुसऱ्या पंगतीसारखी असते. स्वयंपाक तोच, वाढपी तेच, पण पहिल्या पंगतीची माणसं पडवीत ढेकरा देत बसलेली असतात आणि त्या ढेकरा ऐकत जेवावं लागतं. १९९३ च्या पहिल्या भागात स्टीव्हन स्पिलबर्गने काय केलं होतं? दोन तासांचा पिक्चर, पण डायनासोर पडद्यावर दिसतात ते सगळे मिळून जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ तो माणूस आपल्याला नुसता थांबवून ठेवतो. हलणारं पाणी, तुटलेली दोरी, बांधलेली बकरी जागेवर नाही. आपण आपल्या मनानेच डायनासोर तयार करत बसतो. चार वर्षांनी, १९९७ साली, त्यालाच दुसरा भाग करायचा होता. आता लोकांनी डायनासोर पाहिलेले आहेत. थांबवून ठेवायचं तरी कशाच्या जोरावर? मग जास्त वाढायचं. एका टी-रेक्सच्या जागी दोन, त्यांचं पिल्लू, पळणारे कळप, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा एक टी-रेक्स जहाजातून थेट सॅन डिएगो शहरात. पुढचा, २००१ चा, तिसरा भाग स्पिलबर्गने स्वतः केलाच नाही, तो जो जॉन्स्टनने दिग्दर्शित केला.

तुमचे मुलगा आणि पुतणे दुसऱ्या पंगतीला बसले होते. किंबहुना पाचव्या-सहाव्या, कारण नव्या भागांतले डायनासोर त्यांनी आधीच पाहिलेले. तुम्ही १९९८ साली बसलात तेव्हा त्याआधी कुणी जेवून गेलंय याचा तुम्हाला पत्ताच नव्हता. पान तेच, भूक वेगळी. यात पोरांचं चुकलं नाही, तुमचंही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या कॅसेटचंही नाही.

येडे होतो का, म्हणता. माझी एक गोष्ट सांगते. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्यातला एक पौराणिक पिक्चर मी सात-आठ वर्षांची असताना ओळीने तीन रात्री पाहिला. देव आकाशातून येतात, हात जोडतात, परत वर जातात. अलीकडे तो टीव्हीवर लागला होता. आमचे हे म्हणाले, "अगं, त्या दोऱ्या बघ." मी म्हटलं, त्या मला तेव्हाही दिसल्या होत्या. खरंच दिसल्या होत्या. आमच्या शेजारची मुलगी तर दोऱ्या मोजायची, एका देवाला दोन आणि मुख्य देवाला चार. लहान मुलांना दिसत नाही असं नसतं. त्यांना दोऱ्यांची किंमत वाटत नाही, एवढंच. त्यांना देव कुठे चाललाय यात रस असतो. तुमच्या चुलतभावाला विचारा, त्या मुलीची कोलांटी त्याला १९९८ साली पटली होती का. मी पैजेवर सांगते, त्याने त्याच रात्री खळ्यात ती मारून पाहिली असणार आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसला असणार.

तरीही वाईट ते वाईटच म्हणायचं. लहानपणी आवडलं म्हणून मोठेपणी त्याची वकिली करायची गरज नाही. तुमच्या मुलाने जॅकेटचं विचारलं ते अगदी बरोबर विचारलं. ती सारा, डायनासोरांची मोठी अभ्यासक. टी-रेक्सचं नाक किती तिखट असतं हे तिलाच ठाऊक. आणि पिल्लाच्या रक्ताने माखलेलं जॅकेट घेऊन तीच तळावर झोपते! आमच्याकडे माशाचं पाणी अंगणात सांडलं तर मांजर येणार हे दुसरीतल्या पोराला कळतं. तो कॅमेरावाला निक, निम्म्या भानगडी त्यानेच केलेल्या, शेवटच्या शहरातल्या भागात दिसतच नाही. कुठे गेला, कोणी विचारत नाही. आणि त्या कोलांटीची तयारी म्हणून आधी एका वाक्यात सांगून ठेवलंय की तिला शाळेच्या जिम्नॅस्टिकच्या संघातून काढलं होतं. असं सांगून ठेवलं की आमच्या नाटकमंडळातसुद्धा लोक ओळखतात, ही आता पुढे उडी मारणार.

पण मोठेपणीच्या डोळ्यांनी नुसतं उणंच दिसतं, असं तुमच्या पत्रातून वाटतंय. ते मला मान्य नाही. काही गोष्टी अकराव्या वर्षी दिसूच शकत नाहीत. मला त्या पहिल्याच खेपेला दिसल्या, कारण मी तुमच्यासारखी अकरा वर्षांची नव्हते.

एडी आठवतो का? बहुतेक नाही आठवणार. गोल चेहऱ्याचा, टक्कल पडत चाललेला, गाड्या आणि यंत्रं सांभाळणारा माणूस. बाकीचे सगळे तिथे काहीतरी सिद्ध करायला आलेत, हा सामानाची जबाबदारी घेऊन आलाय. पिल्लाचा पाय मोडलाय म्हणून सारा आणि निक त्याला गाडीत आणून बांधतात, पिल्लाचे आईबाप माग काढत येतात, पिल्लू परत दिलं तरी ते फिरून येऊन गाडी कड्यावरून ढकलतात. आत तिघं अडकलेत. एडी येतो. पाऊस, चिखल. तो ओरडून विचारतो, काय हवंय? खालून उत्तर येतं, दोर! आणि मग खालची माणसं मस्करीत खाण्याची ऑर्डरही देतात. मृत्यूच्या तोंडावर माणसं अशीच बोलतात, ते मला खरं वाटलं. एडी दोर टाकतो. मग आपल्या जीपच्या पुढची वायर त्या लोंबकळत्या गाडीला अडकवतो आणि रिव्हर्स टाकतो. चाकं जागच्या जागी फिरतात. चिखल उडतो. जीप इंच-इंच कड्याकडे ओढली जाते.

तुम्ही कोकणातले आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. पावसात घाटात अडकलेली गाडी दोर लावून कोणीतरी ओढताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. मदतीला आलेल्या माणसाच्या गाडीचं चाक फिरायला लागलं की पोटात काय होतं तेही माहीत आहे. एडी गिअर सोडत नाही. दोन्ही टी-रेक्स येतात तेव्हाही त्याचा एक पाय अॅक्सिलरेटरवर आहे आणि हात बंदुकीकडे, आणि बंदूक जाळीत अडकलीय. दोघं मिळून त्याचे दोन तुकडे करतात. खाली दोराला लटकलेले तिघं जगतात.

तुम्ही पोरं तेव्हा काय म्हणाला असाल? "काय फाडला त्याला!" म्हणायलाच हवं, वयच ते. मी मात्र त्यानंतर वाट बघत राहिले की आता कोणीतरी त्याच्याबद्दल दोन शब्द बोलेल. नीट असं कोणी बोलत नाही. ओझरता उल्लेख होतो आणि मंडळी पुढे निघतात. पिक्चरला घाई असते. बघणाऱ्याला नसावी. मी परत मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा पाहिला. या वेळी लाइट होती.

दुसरा तो अजय. शिकारी रोलँडचा जुना साथीदार. तुमच्या खळ्यात तेव्हा "अरे, आपला माणूस!" म्हणून आरडाओरडा झाला असेल, कारण परदेशी पिक्चरात आपल्यातलं नाव ऐकू येणं हीच मोठी गोष्ट होती. लोक पळत उंच गवतात शिरतात आणि एकटा अजय ओरडत असतो, त्या गवतात जाऊ नका. माझी आजी आश्विनात कातळावरच्या गवताकडे बोट दाखवून हेच सांगायची, फुरसं असतं म्हणून. जाणत्याचं कोण ऐकतं? शेवटी तोही त्यांच्या मागोमाग आत जातो आणि परत येत नाही. पुढे रोलँडला हवा होता तो टी-रेक्स मिळतो, मोठी नोकरी देऊ करतात, आणि तो नको म्हणून निघून जातो. सबंध गोंगाटात हा एवढा शांत प्रसंग आहे. अकराव्या वर्षी बहुधा तुम्ही तेवढ्यात पाणी प्यायला उठला असाल.

आणि ती कोलांटीवाली मुलगी. बाप सतत कामावर. ह्या खेपेलाही तो तिला दुसऱ्याकडे ठेवून निघालाय. म्हणून ती गाडीत लपून त्याच्या मागे बेटावर येते. यावर मी जास्त बोलत नाही. तांडेलाच्या मुलाला ते समजेल.

बरं, आता त्या बाजूला ठेवलेल्या वाक्याकडे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझ्याही लक्षात आलं नाही. तिसऱ्या परिच्छेदात तुमच्या बाबांचं वाक्य आहे, खळं हसलं ते. चौथ्या परिच्छेदात मुलाच्या कटकटींची यादी आहे, हे असं कसं, जॅकेट का नाही काढलं, आणि शेवटी "जहाज कोण चालवत होतं". दोन्ही तुम्हीच लिहिलंत, एकाच कागदावर. आजोबा आणि नातू एकमेकांना भेटले नाहीत, आणि सत्तावीस वर्षांच्या अंतराने दोघांनी एकाच जागी एकच प्रश्न विचारला. १९९८ साली तुम्हाला त्या प्रश्नाचा राग आला तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होतात, चालून गेलं. या खेपेला तुम्ही टीव्ही बंद केलात.

तुम्हाला पिक्चर वाईट निघाल्याचं दुःख झालं असं मला वाटत नाही. बाबांच्या शेजारी बसून पाहिलेली एकच गोष्ट तुमच्याकडे होती, तिच्यावर सगळे हसले. पण अहो, त्या रात्रीही सगळे हसलेच होते ना? हसवलं कोणी, तर तुमच्या बाबांनीच. आयुष्यभर सुकाणू धरलेला माणूस, त्याला बिनमाणसाचं जहाज बंदरात शिरताना बघवलं नाही. तो पिक्चरची चेष्टा करत होता की स्वतःच्या धंद्याची बूज राखत होता, हे तेव्हा तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं.

आणि दोघांचंही बरोबर आहे बरं का. मी मुद्दाम नीट पाहिलं. जहाजावरचे सगळे ठार. सुकाणूच्या चाकावर नुसता तुटलेला हात आहे. टी-रेक्स खाली मालाच्या तळघरात बंद. मग वरच्या खोलीतल्या माणसाला मारलं कोणी, आणि मारून परत तळघरात जाऊन दार लावून घेतलं कोणी? पिक्चर सांगत नाही. इतके पैसे, इतकी यंत्रं, आणि हर्णैच्या एका तांडेलाने भाड्याच्या टीव्हीवर एका नजरेत पकडलं.

तेव्हा करायचं काय ते सांगते. मुलाला सांगा, मी ओरडलो ते चुकलं. एवढंच. त्यामागे कारणांची शेपटी लावू नका, नाहीतर माफी त्याने मागितल्यासारखं होतं. ते झालं की दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, भाजी निवडताना नाहीतर लोकलमध्ये, त्याला सांगा की जहाजाचं तू जे विचारलंस ते तुझ्या आजोबांनी विचारलं होतं, आणि सगळी वाडी हसली होती. बाबांचा आवाज काढता येत असेल तर काढून सांगा. पिक्चर परत लावू नका. त्याने म्हटलं तर लावा, नाही म्हटलं तर सोडून द्या. त्याच्यावर कसला वारसा सोपवायचाय अशा थाटात तर मुळीच नको, चौथीतल्या पोराला ते ताबडतोब कळतं आणि ते झोपेचं सोंग घेतं.

शिवाय एकदा त्याचा आवडता पिक्चर त्याच्या शेजारी बसून अख्खा बघा. मोबाइल आतल्या खोलीत ठेवून. तो कसाही असला तरी.

राहिली ती पाच-सहा नावं. बघा की. भ्यायचं काय त्यात? फक्त आधी एकट्याने बघा, आणि सणाच्या गर्दीत नको. गणपतीत दुसऱ्या दिवशी रात्री, मोदक खाऊन सुस्तावलेली दहा माणसं समोर बसवून कोणतीही नाजूक गोष्ट तपासायला घेऊ नये, मग तो पिक्चर असो नाहीतर जमिनीच्या वाटण्या. एखादा फारच फसला तर बंद करून झोपा. त्यातला एडी दिसला तर मला कळवा.

चुलतभावाला काही बोलू नका. "येडेच होतो रे" हे माणूस कधी म्हणतो? त्यालाही बघवेना म्हणून. तोही त्या खळ्यात होताच ना.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर मुलाला संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर घेऊन जा, लिलावाच्या वेळी. होड्या येतात, टोपल्या उतरतात, आवाज चढतात. तुमच्या बाबांबरोबरचं कोणी ना कोणी तिथे भेटेलच. त्याला मुलानेच विचारू दे, माणूस नसताना जहाज सरळ येऊन धक्क्याला लागेल का.

मी आमच्याकडच्या एका जुन्या तांडेलांना विचारून ठेवलंय. गेल्या आठवड्यात ते जाळी सांधत बसले होते, मी तिथेच जाऊन बसले. ते म्हणाले, "लहान होडीचं सुकाणू मोकळं सोडलं आणि मशीन चालू राहिलं, तर ती सरळ जात नाही. वारा-पाणी फिरवील तशी फिरते, आपल्याभोवतीच घिरट्या घालत बसते. मोठ्या जहाजाचं वेगळं. त्याला यंत्र असतं, दिशा लावून दिली की धरून ठेवतं. पण वेग कमी करायला माणूस नको का? आणि बंदरात शिरायचं तर तिथला पायलट चढावा लागतो, त्याला तिथलं पाणी माहीत असतं."

मग त्यांना पुढची गोष्ट हवी झाली. मी सांगितली. डायनासोर शहरात शिरतो, माणसं त्याचं पिल्लू दाखवून त्याला परत धक्क्यावर आणतात, तळघरात कोंडतात आणि त्याच जहाजाने बेटाकडे रवाना करतात. त्यांनी सुतळी दाताने तोडली, गाठ मारली आणि विचारलं, "मग परत नेताना सुकाणूवर कोण होता?"

तेवढं मात्र मी बघितलं नाही हो. तुमच्या मुलाला विचारून कळवा.